दूरस्थ कंपायलर आणि संहितेतील ‘येथे’

१. प्रश्नाचे स्वरूप

रत्नागिरीहून नागपुरास धाडलेल्या पत्रात ‘येथे कालपासून संततधार लागली आहे’ असे वाक्य असेल, तर नागपूरचा वाचक ‘येथे’ म्हणजे नागपूर असे समजत नाही, आणि ‘काल’ म्हणजे पत्र हाती पडण्याच्या आदला दिवस असेही समजत नाही. पत्राच्या माथ्यावर स्थळ आणि दिनांक लिहिण्याचा जो परिपाठ आहे त्याचे प्रयोजन हेच होय. ‘येथे’, ‘आज’, ‘हा’, ‘आमचा’ हे शब्द स्वतःपुरते पोकळ असतात. ते कोणी, कोठे व केव्हा उच्चारले हे कळल्यावाचून त्यांस निश्चित अर्थ प्राप्त होत नाही. भाषाशास्त्रात त्यांची गणना दर्शक शब्दांत केली जाते.

संगणकाच्या प्रोग्रामिंग भाषा बुद्धिपुरस्सर घडविलेल्या आणि काटेकोर व्याकरणाच्या असल्यामुळे त्यांत अशा शब्दांस स्थान नसावे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रोग्राम ज्या यंत्रावर लिहिला त्याच यंत्रावर त्याचे भाषांतर होते तोवर या समजास धक्का पोचण्याचे कारण नसते; कारण बोलणारा व ऐकणारा एकाच खोलीत बसलेले असले म्हणजे ‘येथे’ या शब्दाविषयी वाद उद्भवत नाही. परंतु भाषांतराचे काम जाळ्याने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाकडे सोपविले की संहितेत किती दर्शक शब्द दडून बसले होते हे एकाएकी उघड होते. कंपायलर दुसऱ्या संगणकावर चालविण्याची पद्धती कशी घडविली गेली, आणि या दडलेल्या ‘येथे’ची व्यवस्था तिने कशी लावली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. संकलनापासून भाषांतरापर्यंत

‘कंपायलर’ या शब्दाचा मूळ अर्थ संकलन करणारा असा आहे, आणि आरंभी तो यथार्थही होता. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक यंत्रासाठी ‘ए-झिरो’ या नावाची जी योजना सिद्ध केली, तिचे मुख्य कार्य फितीवर साठविलेल्या तयार उपप्रोग्रामांतून हवे ते वेचून एकत्र जुळविण्याचे होते. पुढे १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फॉर्ट्रन भाषेचा कंपायलर पूर्ण केला. गणिती सूत्रांसारख्या भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत परिवर्तित करणे हे त्याचे काम. तेव्हापासून नाव संकलकाचे आणि काम भाषांतरकाराचे, अशी स्थिती आहे.

भाषांतर दूरच्या यंत्रावर होणे ही गोष्ट नवीन नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र बसविण्यात आले. त्या काळच्या मोठ्या यंत्रांच्या बाबतीत प्रोग्राम लिहिणारा बहुधा यंत्रास हातही लावीत नसे. छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि काही काळाने छापील निष्कर्ष घेऊन जावयाचा, असा परिपाठ होता. अर्पानेट हे जाळे १९६९ साली सुरू झाले, आणि १९७१ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मोठ्या आयबीएम यंत्राकडे जाळ्यावरून काम धाडण्यासाठी ‘नेटआरजेएस’ हा संकेत प्रसिद्ध झाला. खिडकीच्या जागी तार आली, एवढाच वस्तुतः फरक.

या जुन्या पद्धतीत एक मोठी सोय होती. कंपायलर, उपप्रोग्रामांचा संग्रह आणि भाषांतरित प्रोग्रामची प्रत्यक्ष अंमलबजावणी ही तिन्ही त्या दूरच्या यंत्रावरच होती. म्हणून संहितेत कोठे ‘येथे’ असलाच तर त्याचा अर्थ ‘त्या यंत्रावर’ असा सर्वसंमत होता. पुढे प्रत्येकाच्या मेजावर स्वतंत्र संगणक आला, एकेका प्रोग्रामची संहिता हजारो फायलींत विभागली गेली, आणि तिच्या संपूर्ण भाषांतरास तास न् तास लागू लागले. शेजारच्या खोलीतील संगणक मात्र दिवसाचा बराच वेळ रिकामे. तेव्हा संहिता येथे, तयार प्रोग्रामही येथेच हवा, केवळ भाषांतराचे श्रम दुसरीकडे, अशी विभागणी करण्याचा विचार पुढे आला. आणि या विभागणीनेच ‘येथे’चा प्रश्न निर्माण केला.

३. स्वयंपूर्ण संहिता

विवेचनाच्या सोयीसाठी सी भाषेचे उदाहरण घेणे इष्ट होईल. ही भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. तिच्या १९८९ सालच्या प्रमाणग्रंथात भाषांतराच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांतील चौथ्या पायरीवर पूर्वसंस्करणाच्या आज्ञा पाळल्या जातात, सातव्या पायरीवर व्याकरण व अर्थ यांची तपासणी होऊन भाषांतर केले जाते, आणि आठव्या पायरीवर वेगवेगळ्या भाषांतरित तुकड्यांची जोडणी होते.

पूर्वसंस्करणाची सर्वांत प्रसिद्ध आज्ञा ‘इन्क्लूड’ ही होय. अमुक नावाच्या हेडर फायलीतील मजकूर या ठिकाणी आणून घाला, असे ती सांगते. लिहिणाऱ्याने एकच ओळ लिहिलेली असते. परंतु ती फाईल आणखी फायलींकडे बोट दाखविते, त्या आणखी इतरांकडे. सी++ भाषेतील चारपाच ओळींचा प्रोग्राम, त्यात मुद्रणासंबंधीचे एखादेच हेडर घेतले असताही, पूर्वसंस्करणानंतर वीस-तीस हजार ओळींपर्यंत फुगतो. हेडरचे नाव दिसावयास विशेषनामासारखे दिसले तरी वृत्तीने ते दर्शकच आहे. कारण त्याचा अर्थ ‘या यंत्रावर, या नावाने जी फाईल सापडेल ती’ असा असतो. दुसऱ्या यंत्रावर त्याच नावाची निराळ्या मजकुराची फाईल असू शकते, किंवा नसूही शकते.

येथे व्याकरणपरंपरेतील एका परिचित गोष्टीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पाणिनीच्या सूत्रांत आधीच्या सूत्रातील पदे पुढच्या सूत्रांत चालू राहतात. तिलाच अनुवृत्ती म्हणतात. यामुळे सूत्रे अत्यंत आटोपशीर झाली खरी, परंतु एखादे सूत्र प्रकरणातून वेगळे काढून दुसऱ्याच्या हाती दिले तर त्याचा अर्थ लागत नाही. काशिकेसारख्या वृत्तीत वृत्तिकार अनुवृत्त पदे भरून पूर्ण वाक्य देतो. ते वाक्य मग कोठेही नेले तरी समजते. पूर्वसंस्करण हे याच अर्थाने संहितेची वृत्ती होय. त्यातून जो मजकूर बाहेर पडतो त्यास प्रमाणग्रंथाच्या परिभाषेत भाषांतराचे एकक म्हणतात. ते लांबलचक व वाचण्यास कंटाळवाणे असते, परंतु त्यास बाहेरच्या हेडरची अपेक्षा उरत नाही.

४. डिस्टसीसीची कार्यपद्धती

मार्टिन पूल या ऑस्ट्रेलियातील प्रोग्रामकाराने २००२ साली ‘डिस्टसीसी’ हे साधन प्रसिद्ध केले. वर सांगितलेल्या आठ पायऱ्यांत नेमका छेद कोठे द्यावा, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर फार सुटसुटीत आहे. पूर्वसंस्करण स्वतःच्या संगणकावर करावयाचे. सिद्ध झालेले एकक, कंपायलरला द्यावयाच्या पर्यायांसह, जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवावयाचे. तेथे रुजू असलेला ‘डिस्टसीसीडी’ हा सेवक ते एका तात्पुरत्या फायलीत उतरवून घेऊन कंपायलर चालवितो. आणि तयार झालेली ऑब्जेक्ट फाईल, तसेच त्रुटीसूचना असल्यास त्या, परत येतात. शेवटची जोडणी पुन्हा स्वतःच्याच संगणकावर होते. मदतनीस संगणकाशी संपर्क न झाल्यास तेवढे एकक येथेच भाषांतरित केले जाते. काम खोळंबत नाही.

या रचनेमुळे मदत करणाऱ्या संगणकांवर समान हेडर असण्याची, समान संग्रह असण्याची, सामाईक फाईलव्यवस्थेची, किंवा घड्याळे जुळलेली असण्याची अट उरत नाही. अट राहते ती एवढीच की, कंपायलर परस्परांस अनुरूप असावेत. भाषांतरकार दोन असले तरी त्यांची बोली एक हवी. जीसीसीच्या ३.२ या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २००२ पर्यंत, सी++ मधील नावांची व रचनांची यंत्ररूपे आवृत्तीगणिक बदलत असत. वेगवेगळ्या आवृत्त्यांनी केलेले तुकडे स्वतंत्रपणे निर्दोष असूनही एकमेकांस जोडता येत नसत.

वेळेची बचत किती होते याचे मापन पूल यांनी प्रारंभीच दिले होते. लिनक्स २.४.१९ या गाभ्याच्या संपूर्ण भाषांतरास एका यंत्रावर ६ मिनिटे ४५ सेकंद लागत. तशाच ३ यंत्रांत काम वाटले असता २ मिनिटे ३० सेकंद लागले. यंत्रे तिप्पट असूनही वेग तिप्पट होत नाही, याचे कारण पूर्वसंस्करण आणि जोडणी ही कामे वाटून देता येत नाहीत. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. एकूण कामाचा पाचवा हिस्सा जर स्वतःच्याच यंत्रावर करावा लागत असेल, तर मदतीस शंभर यंत्रे आणली तरी वेग पाचपटीपलीकडे जाणार नाही.

५. उरलेले दर्शक शब्द

हेडरची व्यवस्था लागली म्हणजे प्रश्न मिटला असे मात्र नाही. एककात, त्यासोबतच्या पर्यायांत व खुद्द आज्ञेत आणखी काही दर्शक शब्द राहून जातात. त्यांचे चार वर्ग करता येतील.

(अ) जाण्यापूर्वीच उलगडले जाणारे. सी भाषेत ‘डेट’ आणि ‘टाइम’ अशी दोन पूर्वनिश्चित नावे आहेत; त्यांच्या जागी भाषांतराचा दिनांक व वेळ घातली जाते. ही ‘आज’ आणि ‘आत्ता’ या शब्दांची यांत्रिक रूपे होत. पूर्वसंस्करण जेथे होते तेथील घड्याळ त्यांस अर्थ देते. म्हणून डिस्टसीसीच्या साध्या पद्धतीत त्यांचा अर्थ पाठविणाऱ्याच्या संगणकावरच निश्चित होतो, आणि दूरच्या घड्याळाचा संबंध येत नाही.

(आ) मूळ स्थळाची खूण सोबत नेणारे. भाषांतर करताना एखाद्या ओळीत चूक आढळली तर दूरचा कंपायलर ती कोणत्या ओळीत आहे असे सांगणार? त्याच्यापुढील एककातील विसाव्या हजारावी ओळ ही लिहिणाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. यासाठी पूर्वसंस्करण मजकुरात जागोजागी खुणेच्या ओळी घालते. पुढील मजकूर मूळ अमुक फायलीच्या अमुक ओळीपासून आहे, असे त्या सांगतात. दोषशोधनासाठी लागणारी माहिती मागविली असल्यास जीसीसी त्यात काम चालू असलेल्या निर्देशिकेचे नावही नोंदविते. पत्राच्या माथ्यावर स्थळ लिहिण्याचाच हा प्रकार आहे. यामुळे दूरचा भाषांतरकार मूळ लेखकाच्या ‘येथे’मध्ये बोलू शकतो.

(इ) स्थलांतर न साहणारे. जीसीसीस ‘मार्च=नेटिव्ह’ असा एक पर्याय देता येतो. या यंत्रातील प्रोसेसर ज्या ज्या आज्ञा जाणतो त्या सर्वांचा उपयोग करून घ्या, असा त्याचा अर्थ. यातील ‘नेटिव्ह’ हा शब्द निव्वळ ‘येथला’ असा आहे, आणि त्याचा उलगडा कंपायलर स्वतः, ज्या यंत्रावर तो चालतो ते पाहून, करतो. हा पर्याय जसाच्या तसा नव्या प्रोसेसरच्या यंत्राकडे गेला, तर परत येणाऱ्या प्रोग्रामात जुन्या यंत्रास ठाऊक नसलेल्या आज्ञा येतील, आणि प्रोग्राम चालता चालता कोसळेल. त्रुटीसूचना न मिळता घडणारा हा दोष असल्यामुळे तो विशेष घातक. म्हणून डिस्टसीसी असा पर्याय आढळताच ते काम बाहेर पाठवीतच नाही. ज्यास ते पाठवावयाचे असेल त्याने ‘येथला’ न म्हणता प्रोसेसरचे नाव घ्यावे.

याच वर्गात ‘इन्कबिन’ या असेंब्ली आज्ञेचाही समावेश होतो. सी भाषेच्या मजकुरात अवतरणचिन्हांत असेंब्लीचा तुकडा घालता येतो, आणि त्यात ‘अमुक फाईल जशीच्या तशी घाला’ असे म्हणता येते. पूर्वसंस्करण अवतरणचिन्हांच्या आत पाहत नाही. त्यामुळे हा निर्देश न उलगडताच दूर जातो, आणि तेथे ती फाईल नसते. एककाची स्वयंपूर्णता ही पूर्वसंस्करणाच्या दृष्टीच्या टप्प्याइतकीच असते, हे यावरून दिसून येईल.

(ई) भाषांतरकाराचे नाव. सर्वांत अनपेक्षित दर्शक शब्द खुद्द ‘जीसीसी’ हाच आहे. रास्पबेरी पाय सारख्या लहानशा आर्म यंत्रास मदत म्हणून शेजारचा शक्तिमान इंटेल संगणक जोडला, अशी कल्पना करावी. आर्म यंत्रावर ‘जीसीसी’ या आज्ञेचा अर्थ ‘आर्मच्या आज्ञांत भाषांतर करणारा’ असा, तर इंटेल संगणकावर त्याच नावाचा अर्थ ‘इंटेलच्या आज्ञांत भाषांतर करणारा’ असा होतो. मदतनीस संगणकावर आर्मसाठी भाषांतर करणारा परयंत्री कंपायलर बसविला असला, तरीही नुसत्या ‘जीसीसी’ या हाकेस भलताच भाषांतरकार ओ देऊ शकतो. उपाय असा की, प्रोसेसर व कार्यप्रणाली यांचा उल्लेख असलेले कंपायलरचे पूर्ण नाव दोन्हीकडे वापरावे. घरात ‘दादा’ म्हणून भागते. गावात मात्र नावानिशी सांगावे लागते.

६. अन्य दोन मार्ग

पूर्वसंस्करणाचा भार कमी करण्यासाठी डिस्टसीसीच्या तिसऱ्या आवृत्तीत, २००८ साली, ‘पंप’ नावाची पद्धती आली. ती गूगलमध्ये विकसित झाली होती. या पद्धतीत फुगलेले एकक न पाठविता मूळ फाईल आणि तीस लागणारी हेडरे पाठविली जातात, आणि पूर्वसंस्करण दूरच्या संगणकावर होते. वृत्तीऐवजी मूळ सूत्र आणि सोबत सगळे प्रकरण देण्याचाच हा प्रकार. वेग वाढतो; परंतु कोणती हेडरे लागतील याचे अनुमान आधी अचूक बांधावे लागते.

‘आइसक्रीम’ या नावाचे, डिस्टसीसीच्या पायावर सुसे या संस्थेत उभारलेले साधन दुसऱ्या टोकास जाते. कंपायलर अनुरूप असावेत ही अट काढून टाकण्यासाठी ते कंपायलरच, त्याच्या परिवारासह, गठ्ठा बांधून दूरच्या संगणकाकडे पाठविते; कोणते काम कोणाकडे द्यावयाचे हे एक मध्यवर्ती नियोजक ठरवितो. परगावी भाषांतरकार शोधीत बसण्याऐवजी आपलाच भाषांतरकार तेथे धाडून केवळ मेज व दिवा उसना घ्यावा, अशी ही कल्पना आहे.

७. विश्वासाचा प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात दूरचा संगणक प्रामाणिक आहे असे गृहीत धरले आहे. व्यवहारात ते गृहीत धरता येत नाही. डिस्टसीसीचा सेवक येणाऱ्या विनंतीप्रमाणे आज्ञा चालवितो. जुन्या आवृत्त्यांत ती विनंती कोणाची हे न तपासता तो उघड्या जाळ्यावर ठेवला, तर कोणासही त्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालविता येत असे. हा दोष सुरक्षादोषांच्या सार्वजनिक सूचीत २००४ च्या क्रमांकाने नोंदविला गेला आहे. म्हणून परिचित पत्त्यांपुरताच प्रवेश ठेवणे, अथवा एसएसएचच्या संरक्षित मार्गाने संपर्क साधणे, अगत्याचे ठरते.

धोका उलट दिशेनेही संभवतो. केन थॉम्सन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात असे दाखवून दिले की, कंपायलर हा संहितेत कोठेही नसलेला मजकूर भाषांतरात गुपचूप घालू शकतो, आणि स्वतःच्या पुढील पिढीच्या भाषांतरातही ती खोड उतरवू शकतो. मूळ संहिता कितीही बारकाईने वाचली तरी ती सापडत नाही. जे स्वतःच्या यंत्रावरील कंपायलरविषयी खरे, ते दुसऱ्याच्या यंत्रावरील कंपायलरविषयी अधिकच खरे.

यावर एक परीक्षा उपलब्ध आहे. तीच संहिता, तोच कंपायलर व तेच पर्याय घेऊन दोन स्वतंत्र यंत्रांवर भाषांतर करावे, आणि दोन्ही फली बिटागणिक ताडून पाहाव्यात. पण ही तुलना करू गेल्यास पहिली अडचण येते ती लबाडीची नव्हे, तर दर्शक शब्दांचीच. एकीत एक वेळ नोंदलेली, दुसरीत दुसरी. एकीत एका निर्देशिकेचे नाव, दुसरीत दुसऱ्या. अशा निरुपद्रवी फरकांच्या गर्दीत खरा फरक ओळखू येत नाही. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून पुनरुत्पादनक्षम बांधणीची जी चळवळ सुरू झाली, तिचा पुष्कळसा भाग हे शब्द हुडकून त्यांस स्थिर अर्थ देण्यात खर्ची पडला आहे. ‘सोर्स-डेट-एपॉक’ हा तिचा संकेत, जो जीसीसीने २०१७ च्या सातव्या आवृत्तीपासून पाळला, ‘आज’ या शब्दाचा अर्थ बाहेरून नेमून देतो. निर्देशिकेच्या नावाऐवजी ठरीव नाव घालण्याचा पर्यायही कंपायलरात आहे. दोन्ही यंत्रांवर तोच दूषित कंपायलर असेल तर ही तुलना त्यास पकडू शकत नाही, हे खरे. तथापि दोहोंपैकी एकाच यंत्रात फेरफार झाला असेल तर तो लपून राहू शकत नाही.

तात्पर्य, भाषांतर दुसरीकडे सोपविण्यातील मुख्य श्रम भाषांतराचे नसून, मजकूर हातावेगळा करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ‘येथे’, ‘आत्ता’ व ‘आपला’ यांच्या जागी स्थळ, काळ आणि नाव लिहिण्याचे आहेत. नैसर्गिक भाषेत वाचक प्रसंग ओळखून ही उणीव मनाने भरून काढतो. यंत्र ती भरून काढते खरे, परंतु स्वतःच्या प्रसंगावरून. आणि आपण तसे केले हे ते सांगत नाही. संहितेतील दर्शकतेचा अभ्यास भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो तो याच कारणाने.